घरगुती ध्वनियंत्राचा द्वारपाल

संगीताची आवड आणि हातांतील कारागिरी हीं दोन्ही ज्या घरांत एकत्र नांदतात, त्या घरांत केव्हां ना केव्हां तरी ध्वनिवर्धक स्वतःच बांधावा अशी हौस उत्पन्न झाल्यावांचून राहत नाहीं. ही हौस आजकालची नव्हे. २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र मुंबईस सुरू झालें, त्या काळीं स्फटिकाचे संच घरच्या घरीं जुळवून कानाला लावणारे हौशी लोक होतेच. पुढें व्हॉल्व्ह आले. १९४७ सालीं बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला आणि त्याच्या मागोमाग लहान लहान सुटे भाग स्वस्त होऊन घरोघरच्या टेबलांवर येऊन पडले. मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता आणि पुण्यांतील पासोड्या विठोबाजवळचीं दुकानें यांच्याशीं ज्यांचा परिचय आहे, त्यांना या हौसेचें स्वरूप निराळें सांगावयास नको.

परंतु असें यंत्र बांधणाऱ्याचें सर्व लक्ष बहुधा आवाजाच्या गोडव्याकडे लागलेलें असतें. यंत्रानें केव्हां बोलावें याचा विचार तो करतो. यंत्रानें केव्हां गप्प बसावें याचा विचार मात्र अगदीं शेवटीं, आणि पुष्कळदां एखादा स्पीकर जळल्यानंतरच होतो. हें गप्प बसविण्याचें काम करणारा जो छोटासा घटक, त्याचें नांव रिले; आणि असे रिले ज्यावर मांडावयाचे तो नियंत्रणाचा सर्किट बोर्ड, हाच प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

या विषयाची निकड शहरापेक्षां खेड्यांत अधिक जाणवते. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह या नांवाचें स्थानक लागतें. नृसिंहाच्या देवस्थानामुळें पोखर्णी हें गांव मराठवाड्यांत सर्वपरिचित आहे. अशा गांवांत भजन आहे, कीर्तन आहे, उत्सव आहे. तेव्हां ध्वनिवर्धकाला काम पुष्कळ. पण पावसाळी वाऱ्यानें तारा हलूं लागल्या म्हणजे वीज जाते, क्षणभरानें येते आणि पुन्हां जाते. ज्या यंत्राला राखणदार नाहीं, त्याच्या स्पीकरमधून अशा प्रत्येक वेळीं ‘धप्प’ असा ठोका ऐकूं येतो. ऐकणारा दचकतो आणि विसरतो. स्पीकरच्या आंतील केसासारख्या बारीक तारेचें वेटोळें मात्र विसरत नाहीं.

रिले या शब्दाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. मूळच्या फ्रेंच शब्दाचा संबंध वाटेवरील चौक्यांवर तयार ठेवलेल्या ताज्या जनावरांशीं आहे. आपल्याकडील डाकचौकीची पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कल्पना तत्काळ उमजेल. दमलेला घोडा चौकीवर थांबावयाचा. थैली मात्र ताज्या घोड्यावर पुढें निघावयाची. विजेच्या संदेशाचेंही तसेंच आहे. लांबच्या तारेंतून येतां येतां प्रवाह क्षीण होतो. त्या क्षीण प्रवाहानें एक लहानसा लोहचुंबक जागा करावयाचा आणि त्या चुंबकानें ताज्या विद्युद्घटांचें निराळें मंडल जोडून द्यावयाचें. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यानें १८३५ च्या सुमारास ही युक्ति दाखविली आणि तारायंत्रानें ती उचलली. हिंदुस्थानांत कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार १८५१ सालीं चालू झाली. १८५४ मध्यें मुंबई कलकत्त्याशीं तारेनें जोडली गेली. दुबळ्यानें बलवंताला आज्ञा द्यावी आणि दोघांचा एकमेकांस स्पर्शही होऊं नये, हें रिलेचें सारसर्वस्व होय.

आगगाडीच्या रुळांनीं या उपकरणाला जो धडा दिला, तो घरगुती यंत्र बांधणाऱ्यानें पाठ करून ठेवण्यासारखा आहे. १८७२ सालीं विल्यम रॉबिन्सन यानें रुळांतूनच प्रवाह खेळवून गाडीची वर्दी देण्याच्या योजनेचें पेटंट घेतलें. त्यांतील मर्म असें कीं, रूळ मोकळा असेल तोंवर रिलेंत प्रवाह चालू राहतो; गाडी आली कीं तिचीं चाकें दोन्ही रूळ जोडून तो प्रवाह रिलेपर्यंत पोहोंचूं देत नाहींत आणि रिले सुटतो. पण रूळ तुटला, तार निसटली, विद्युद्घट संपला, तरीही रिले सुटतोच! म्हणजे कोणताही बिघाड झाला तरी त्याचा परिणाम एकच : थांबण्याची खूण. मुंबईच्या कुर्ला स्थानकांत १९५९ मध्यें रिलेच्या साहाय्यानें संपूर्ण मार्ग बांधून देणारी व्यवस्था आली, तीही याच तत्त्वावर. रेल्वेच्या कांहीं रिलेंत तर एका बाजूचे संपर्क कार्बनचे असतात, हेतु हा कीं ठिणगीनें ते परस्परांस चिकटून बसूं नयेत. आणि प्रवाह तुटला कीं आंतील पट्टी स्वतःच्या वजनानें खालीं पडते. स्प्रिंग मोडेल, पण पृथ्वीचें गुरुत्वाकर्षण रजेवर जात नाहीं.

हेंच तत्त्व ध्वनिवर्धकाला लावून पाहावें. आधुनिक ट्रान्झिस्टरच्या ध्वनिवर्धकांत बहुधा शून्याच्या वर ३५ व्होल्ट आणि शून्याच्या खालीं ३५ व्होल्ट अशी दुहेरी वीज असते. सर्व ठीक असतां स्पीकरला केवळ संगीताचीं आंदोलनें मिळतात. परंतु शेवटच्या ट्रान्झिस्टरपैकीं एक जरी आंतून जुळून गेला, तरी ते ३५ व्होल्ट सरळ स्पीकरवर येऊन आदळतात. ८ ओहमच्या स्पीकरांत त्यामुळें सुमारें १५३ वॅट एवढी उष्णता उत्पन्न होते. तीही संगीताप्रमाणें कमीजास्त होणारी नव्हे, तर एकसारखी. कागदाचा पडदा एका बाजूस ताणलेला राहतो, हवा हलत नाहीं, वेटोळें थंड होत नाहीं, आणि कांहीं क्षणांतच त्याचा शेवट होतो. क्वचित् आगही लागते. दहा रुपयांचा ट्रान्झिस्टर हजारों रुपयांच्या स्पीकरला बरोबर घेऊन जातो, तो असा.

यावर उपाय म्हणजे ध्वनिवर्धक आणि स्पीकर यांच्यामध्यें रिलेचा पहारा बसविणें. या पहारेकऱ्याला तीन आज्ञा द्यावयाच्या असतात. पहिली ही कीं, यंत्र सुरू केल्यावर तीन ते पांच सेकंद दार उघडूं नये, म्हणजे आंतील कपॅसिटर भरतांना जी खळबळ होते ती बाहेर पडत नाहीं. दुसरी ही कीं, ध्वनिवर्धकाच्या बाहेरच्या तोंडाशीं स्थिर दाब दिसतांच दार लावून घ्यावें. आणि तिसरी, जी पुष्कळ जण विसरतात, ती ही कीं घरची वीज जातांच, आंतील सांठा संपण्याची वाट न पाहतां, तत्काळ दार लावावें. पोखर्णीसारख्या ठिकाणीं ही तिसरी आज्ञाच सर्वांत अधिक उपयोगी पडते. यासाठीं ट्रान्सफॉर्मरच्या उलटसुलट प्रवाहावरच लहानशी नजर ठेवावी लागते; सांठ्याच्या व्होल्टवर नजर ठेवून भागत नाहीं, कारण सांठा सावकाश ओसरतो. जपानच्या एनईसी कंपनीनें काढलेला यूपीसी १२३७ हा चिमुकला घटक या तिन्ही आज्ञा एकटा पाळतो, म्हणून हौशी लोकांत तो फार प्रिय झाला. पण तो वापरला तरी आज्ञांचा अर्थ समजलेला असावा.

दुसऱ्या आज्ञेंत एक बारकावा आहे. पखवाजाचा खोल ठोका आणि बिघाडाचा स्थिर दाब यांतील भेद पहारेकऱ्याला ओळखतां आला पाहिजे. मनुष्याच्या कानाला सुमारें २० पासून पुढचीं दर सेकंदाचीं आंदोलनें ऐकूं येतात. त्याहून मंद असें जें कांहीं दिसेल तेंच संशयास्पद मानावयाचें. म्हणून तपासणीच्या वाटेवर रेझिस्टर आणि कपॅसिटर यांची गाळणी बसवितात. ती फार मंद केली तर स्पीकर वांचत नाहीं. फार चपळ केली तर प्रत्येक ठोक्याला दार लागूं लागतें. हा मध्य साधणें हेंच रचनाकाराचें कौशल्य.

येथें नृसिंहाच्या कथेचें स्मरण होतें. ज्या हिरण्यकशिपूसाठीं तो अवतार झाला, तो पूर्वजन्मीं वैकुंठाचा द्वारपाल होता. आणि ज्यांना अडवूं नये अशा सनकादिकांना अडविल्यामुळें त्याला तो जन्म घ्यावा लागला. द्वारपालाचें काम केवळ अडविण्याचें नसतें. कोणाला अडवावें आणि कोणाला सोडावें, हें ओळखण्याचें असतें.

आतां रिलेच्या संपर्कांची गोष्ट. बाजारांतील रिलेवर ‘२५० व्होल्ट, १० अँपिअर’ असे आंकडे वाचून पुष्कळांचा गैरसमज होतो. ते आंकडे उलटसुलट प्रवाहाचे असतात. घरचा प्रवाह दर सेकंदाला १०० वेळां शून्यावर येतो, त्यामुळें संपर्क सुटतांना पेटलेली ठिणगी आपोआप विझते. स्थिर प्रवाह शून्यावर येतच नाहीं. त्याची ठिणगी विझण्याचें नांव घेत नाहीं. म्हणून त्याच रिलेला स्थिर प्रवाहासाठीं बहुधा ३० व्होल्टचीच मर्यादा दिलेली असते. आणि बिघाडाच्या वेळीं तर स्थिर प्रवाहच तोडावयाचा असतो! यावर एक साधी युक्ति आहे. रिलेची हलणारी पट्टी स्पीकरला जोडावी, चालू स्थितींतला संपर्क ध्वनिवर्धकाला जोडावा आणि बंद स्थितींतला संपर्क मोकळा न ठेवतां जमिनीच्या तारेला जोडावा. मग पट्टी सुटतांना ठिणगी पसरली तरी तो प्रवाह स्पीकरांतून न जातां थेट जमिनीकडे वळतो, फ्यूज वितळतो आणि स्पीकर सुरक्षित राहतो. वीज नसतांना दार बंद, हें रेल्वेचें तत्त्व येथें अक्षरशः पाळलें जातें.

रिलेच्या चुंबकाला चालविणें हेंही विचाराचें काम आहे. १२ व्होल्टच्या सामान्य रिलेचें वेटोळें सुमारें ४०० ओहमचें असतें. त्याला ३० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. नियंत्रण करणाऱ्या सूक्ष्म घटकाला एवढा भार पेलणें इष्ट नसतें, म्हणून मध्यें एक लहान ट्रान्झिस्टर ठेवतात. प्रवाह तोडतांच वेटोळ्यांतील चुंबकशक्ति उलट्या दिशेनें उसळी मारते आणि तो ट्रान्झिस्टर मारून टाकते. ती उसळी गिळण्यासाठीं वेटोळ्याला उलटा डायोड जोडण्याचा प्रघात आहे. परंतु त्या डायोडमुळें प्रवाह आंतल्या आंत फिरत राहतो आणि रिले सुटण्यास विलंब लागतो. जेथें क्षणाचें महत्त्व आहे, अशा स्पीकरच्या पहाऱ्यावर डायोडबरोबर एक झेनर डायोडही जोडावा; म्हणजे उसळी लवकर ओसरते आणि पट्टी झटकन सुटते. ट्रान्झिस्टर मात्र ती थोडी अधिक उसळी सोसणारा निवडावा.

रिलेचें दुसरें काम निवडीचें. एकाच यंत्राला रेडिओ, तबकडी आणि इतर साधनें जोडावयाचीं असतात. पूर्वीं यासाठीं पुढच्या पट्टीवर फिरती कळ असे आणि मागच्या खोबण्यांपासून तेथपर्यंत लांब तारा न्याव्या लागत. त्या तारा वाटेंत ट्रान्सफॉर्मरचें गुरगुरणें गोळा करीत. रिले मागच्या खोबण्यांच्या अगदीं शेजारीं बसविले, म्हणजे संगीताची वाट आखूड होते आणि पुढें केवळ आज्ञेची तार जाते. मात्र येथें मोठ्या प्रवाहाचे रिले उपयोगी नाहींत. त्यांच्या चांदीच्या संपर्कांवर कालांतरानें काळी पुटें चढतात. मोठा प्रवाह तीं पुटें जाळून टाकतो. संगीताचा नाजूक प्रवाह त्यांच्यापुढें हतबल होतो, आणि आवाज येतो-जातो. अशा ठिकाणीं सोन्याचा मुलामा असलेले, चोहोंबाजूंनीं बंद असे लहान रिलेच वापरावे. कुऱ्हाडीचें काम सुईला सांगूं नये आणि सुईचें काम कुऱ्हाडीला.

तिसरें काम आवाज लहानमोठा करण्याचें. यांतील योजना गणिताच्या दृष्टीनें सुंदर आहे. १, २, ४, ८, १६ आणि ३२ डेसिबलनें आवाज घटविणारे सहा टप्पे करावयाचे आणि प्रत्येक टप्प्याला एकेक रिले द्यावयाचा. सहा रिलेंच्या उघडझापीनें शून्यापासून ६३ डेसिबलपर्यंत ६४ पायऱ्या मिळतात. वाण्याच्या दुकानांत मोजकींच वजनें असून हवें तें माप होतें, तसाच हा प्रकार. डाव्या-उजव्या दोन्ही बाजू सारख्या राहतात आणि फिरत्या कळीची खरखर कायमची जाते. टकटक असा बारीक आवाज मात्र सोसावा लागतो.

चौथें काम सुरुवातीच्या धक्क्याचें. कड्याच्या आकाराचा मोठा ट्रान्सफॉर्मर सुरू होतांना क्षणभर अतोनात प्रवाह ओढतो. त्याच्या वाटेवर ४७ ओहमचा मोठा रेझिस्टर ठेवला, तर तो प्रवाह सुमारें ७ अँपिअरच्या पुढें जाऊं शकत नाहीं. आणि एक-दोन सेकंदांनीं रिले त्या रेझिस्टरला वळसा देऊन मोकळी वाट करून देतो. वीज जाऊन लगेच आली तरी रिले सुटून पुन्हां आरंभापासून वाट पाहील, अशीच त्याची रचना असावी. एक धोका मात्र आहे. हा रिले लागलाच नाहीं, तर सर्व प्रवाह त्या रेझिस्टरांतूनच वाहत राहून तो लालबुंद होतो. म्हणून त्याला चिकटून उष्णतेनें तुटणारा फ्यूज बसविल्यावांचून हें मंडल पुरें झालें असें समजूं नये.

आतां प्रत्यक्ष बोर्डाकडे वळावें. छापील विद्युन्मंडलाची कल्पना पॉल आइस्लर या मूळच्या ऑस्ट्रियन यंत्रज्ञानें इंग्लंडांत १९३६ च्या सुमारास प्रत्यक्षांत आणली. तांब्याचा पातळ पत्रा चिकटविलेल्या पाटीवर हव्या त्या रेघा झांकावयाच्या आणि बाकीचें तांबें फेरिक क्लोराइडच्या द्रावांत विरघळवून टाकावयाचें, ही कृति घरींही होते. पूर्वीं या रेघा रंगानें आणि कुंचल्यानें काढीत. १९९२ मध्यें फ्रान्समधील झां-पिएर शारा यानें आरंभिलेल्या की-कॅडसारख्या विनामूल्य प्रणालीमुळें तीच आंखणी आतां संगणकावर होते आणि पाटी कारखान्यांतूनही करून मिळते. साधन कोणतेंही असो, विचार रचनाकारालाच करावा लागतो.

पहिला विचार अंतराचा. २३० व्होल्टचा भाग आणि संगीताचा भाग यांच्यामध्यें निदान ८ मिलिमीटर मोकळी जागा सोडावी. रिलेच्या पोटाखालीं ती मिळत नसेल तर पाटीला फट पाडावी. धूळ आणि दमट हवा यांनीं पाटीवरूनही वीज रांगते. ही मर्यादा मोडली तर स्पीकर नव्हे, मनुष्य दगावतो. दुसरा विचार परतीच्या वाटेचा. सामान्य पाटीवरील तांब्याची जाडी ३५ मायक्रॉन असते. त्यावरील १ मिलिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब रेघेचा रोध सुमारें ०.०५ ओहम येतो. रिलेचे ३० मिलिअँपिअर त्या रेघेंतून परत जाऊं दिले, तर तेथें दीड मिलिव्होल्टचा फरक पडतो. हा आंकडा क्षुल्लक वाटेल. परंतु तबकडीच्या सुईपासून येणारें संगीत अवघें ५ मिलिव्होल्टच्या आसपास असतें! म्हणून रिलेचा परतीचा मार्ग आणि संगीताचा परतीचा मार्ग अगदीं निराळे ठेवून ते वीजपुरवठ्यापाशीं एकाच बिंदूंत मिळवावे. गांवांतील पिण्याच्या पाण्याचा पाट आणि सांडपाण्याची मोरी वेगळी ठेवण्यामागें जें शहाणपण आहे, तेंच येथें.

पाटी तयार झाली म्हणजे परीक्षा. पहिल्या प्रथम यंत्राला वीज देतांना वाटेंत ६० किंवा १०० वॅटचा तारेचा दिवा जोडावा, ही आपल्या कारागिरांची जुनी आणि उत्तम पद्धत आहे. आंत कोठें जोडणी चुकली असेल, तर दिवा लख्ख पेटतो आणि यंत्र वांचतें. मग स्पीकरच्या जागीं लहान दिवा ठेवून आणि ध्वनिवर्धक अजून न जोडतां, ९ व्होल्टच्या विद्युद्घटाचा स्थिर दाब मुद्दाम पहाऱ्यावर द्यावा. रिले सुटला तरच त्या पहारेकऱ्यावर विश्वास टाकावा. यंत्राची धातूची पेटी तीन खिळ्यांच्या प्लगनें जमिनीच्या तारेस जोडलेली असावी. आणि घराची ती तार खरोखर जमिनींत नीट पोहोंचली आहे किंवा नाहीं, हें जाणकाराकडून पाहून घ्यावें. खेड्यांतील पुष्कळ घरांत भिंतीवर तिसरें भोंक असतें, पण त्याच्यामागें तार नसते.

रिलेला वेळेचें भानही देतां येतें. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं रात्रीं १० ते सकाळीं ६ या वेळांत मोकळ्या जागेंतील ध्वनिवर्धकावर बंधन घातलें आहे. उत्सवाच्या ओघांत घड्याळाकडे कोणाचें लक्ष राहत नाहीं. घड्याळाला जोडलेला एक रिले ठरल्या वेळीं यंत्र शांत करील, तर आजाऱ्याला झोंप मिळेल आणि कोणाशीं कोणाचा वादही होणार नाहीं.

अशा बोर्डाला लागणारे भाग थोडे, किंमत अल्प आणि काम एका रविवारचें. त्याच्यामुळें आवाज अधिक गोड होत नाहीं. त्याची स्तुति करण्यास पाहुणे येत नाहींत. तो नीट काम करीत असतो तेव्हां दारांतून एक टक असा आवाज तेवढा येतो आणि मग गाणें सुरू होतें. ज्या तरुणानें बाजारांतून तयार पाटी न आणतां तो स्वतः आंखला, त्याला मात्र त्या एका आवाजांत पांच सेकंदांची वाट, स्थिर दाबाची तपासणी आणि विजेवरील नजर हीं तिन्ही ऐकूं येतात. आपल्या यंत्राचें काय काय बिघडूं शकेल याचा विचार त्यानें आधीं केलेला असतो, आणि प्रत्येक बिघाडाचें उत्तर तांब्याच्या रेघांत लिहून ठेवलेलें असतें. मग बाहेर वारा सुटला, तारा हलल्या आणि दिवे मालवले, तरी त्या घरांतील स्पीकर दुसऱ्या दिवशींच्या भजनाला शाबूत असतो.